नस्ती करावेत

चिंचवडगाव,
दि. १२ जून २०२४

॥ श्री मोरया प्रसन्न ॥

जो अक्षरांच्या आधी होता आणि अक्षरे विरल्यावरही उरणार आहे, त्या मंगलमूर्तीची कृपा या पत्रावर, ते लिहिणाऱ्यावर आणि वाचणाऱ्यावर असो.

चि. सौ. वर्षाली हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे विद्यापीठ इथून जेमतेम पंधरा किलोमीटरांवर. परंतु तळवड्याच्या चौकातील वाहने तुला येऊ देत नाहीत आणि माझे गेलेले कान मला फोन करू देत नाहीत. तेव्हा सख्ख्या काका-पुतणीने परगावच्या आप्तांसारखी पत्रे लिहावीत, हेच प्राक्तन दिसते. तक्रार नाही. लिहिलेले शब्द मला ऐकू येतात.

टाकाऊ कागदाच्या विल्हेवाटीचे परिपत्रक तू भाषा तपासण्यासाठी पाठवलेस, याचा या वयात अभिमान वाटला. आमच्या घरी कागदास पाय लागला तर तो उचलून कपाळी लावीत. तुमच्या आवारातून वर्षाला अकरा टन कागद कचऱ्याच्या गाडीत जातो हे वाचून मन खिन्न झाले, आणि तो यापुढे जाणार नाही हे वाचून निवले. एका बाजूने कोरे कागद शिवून वह्या करायच्या, मुदत संपलेल्या उत्तरपत्रिकांचा आवारातच लगदा करून हातकागद बनवायचा, ही तुझी योजना मला एखाद्या व्रतासारखी वाटते. देह पडतो, द्रव्य नवे रूप घेते. कागदासही ती गती का नसावी?

सतरा ठिकाणी लाल शाई लावली आहे. ऱ्हस्व-दीर्घाचे दोष पुष्कळ आहेत, पण ते सोड. कलम चारमध्ये मात्र मी खळखळून हसलो. 'ग गट : सोबतच्या यादीतील कागद नस्ती करावेत.' अगं, मराठीत 'नस्ती' उठाठेवीच्या आधी लागते, आणि संस्कृतात 'नस्त' म्हणजे नाक! कागदाला नाक कुठले? टंकलेखकाच्या कानांचा दोष दिसतो, माझ्यासारखाच. तिथे 'नष्ट करावेत' असे शुद्ध करून टाकले आहे.

मसुदा व तुझ्या हस्ताक्षरातील यादी, दोन्ही याच लिफाफ्यात परत पाठवत आहे.

तुझा,
मोरेश्वरकाका

---

दि. २ जुलै २०२४

तीर्थरूप मोरेश्वरकाकांस वर्षालीचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुम्ही तपासलेले परिपत्रक मी जसेच्या तसे टंकलेखनाला दिले आणि कुलसचिवांच्या सहीने निघाले. मूल्यांकन समिती येणार होती, पुन्हा वाचायला श्वासही नव्हता. पण तुमची लाल शाई फिरली म्हणजे मी निर्धास्त असते.

मैदानामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये कागदाचे काम सुरू झाले आहे. हौद, लगद्याचे यंत्र, जाळ्या, दाब देण्याचे चाक. सफाईच्या चौदा बायकांपैकी सहा जणींना तिथे घेतले. त्यांच्यातल्या कस्तुरामावशी जुन्या; विद्यापीठाची पहिली इमारत उभी राहिली तेव्हापासून झाडू त्यांच्या हातात. पहिल्याच दिवशी एका प्राध्यापकांना म्हणाल्या, "सर, तुमी पोरांना नापास करता, आमी तुमच्या पेपरांना पास करून पुन्यांदा वर्गात धाडतो." समितीचे लोकही हसले.

या चौदा जणींनी आपल्याला नोकरीत कायम करावे म्हणून कामगार न्यायालयात अर्ज केला आहे. ठेकेदार चार झाले, बायका त्याच राहिल्या. विद्यापीठ म्हणते, या ठेकेदाराच्या माणसांचा आमच्याशी संबंध नाही. त्या म्हणतात, आमची हजेरी तर रोज विद्यापीठाच्या कार्यालयातच लागते. डिसेंबरात पुराव्याची तारीख आहे. मी सहायक कुलसचिव, तेव्हा मला बाजू घेता येत नाही. माझ्या हातात होते तेवढे मी मुकाट्याने केले आहे.

सोबत शेडमधल्या पहिल्या हातकागदाचे पन्नास ताव पाठवते.

तुमची,
वर्षाली

---

चिंचवडगाव,
दि. २० ऑगस्ट २०२४

चि. सौ. वर्षाली हिस आशीर्वाद.

हे पत्र तुझ्याच कागदावर लिहीत आहे. बोरू हवा होता. टाकाने ओरखडा उठतो. तावातून निळसर ठिपके आणि मधूनच लाल सुताचे तंतू दिसतात. कुणाच्या तरी अक्षरांची ही राख असेल या विचाराने लिहिण्यापूर्वी हात जोडले. देवळात सायंकाळच्या पुराणाला बसणाऱ्या मंडळींना एकेक ताव दाखवला आणि कलम चारची गंमतही सांगितली. नाकाचा विनोद ऐकून सगळे हसले. एक निवृत्त कारकून तेवढा गप्प होता. त्याला संस्कृताचा गंध नसावा.

जुलैपासून तुझे पत्र नाही. कस्तुराबाईंचे ते बोलणे मला फार आवडले. त्यांच्या अर्जाचे कसे चालले आहे?

मोरेश्वरकाका

---

दि. ९ सप्टेंबर २०२४

ती. काकांस नमस्कार.

कामाचा फार ताण आहे, सवडीने लिहीन. एक विनंती : मी पाठवलेल्या त्या कागदावर कृपया लिहू नका. कोणाला देऊही नका. उरलेले ताव कपाटात ठेवा.

वर्षाली

---

चिंचवडगाव,
दि. ३० सप्टेंबर २०२४

चि. वर्षालीस आशीर्वाद.

आज्ञेप्रमाणे साध्या कागदावर लिहीत आहे. हातकागद महाग पडतो, तो म्हाताऱ्याने पत्रांत उधळू नये, असे तुला स्पष्ट लिहिता आले असते. मी रागावलो नसतो.

तुमचे पुढचे परिपत्रक केव्हा येणार? लाल शाईची नवी दौत आणून ठेवली आहे. मला दुसरे काम ते कोणते?

मोरेश्वरकाका

---

दि. २७ ऑक्टोबर २०२४

मोरेश्वर गुरुजींना कस्तुराचा सप्रेम जय भीम.

मी बोलती हाय आन माझी सून आम्रपाली लिवती हाय. माझी तुमची वळख न्हाई. तुमचा पत्ता लिफाफ्यावर गावला. लिफाफा आमच्या शेडात आला, वह्या शिवायच्या गठ्ठ्यात. कागुद एका बाजूनं कोरे व्हते. उलटं केलं तर लालेलाल.

गुरुजी, ही लाल शाई तुमची का? आन नस्ती म्हंजी काय?

आमच्या हजेरीची मस्टरं लाल कापडाची. २००९ पासून २०२३ पोतर, पंधरा. पयली चार वरसं माझा आंगठा हाय, म्होरं आम्रपाली सून म्हणून आली, तिनं शिकवलं, तवापसून सही. जूनच्या आखरीला एक दिवस ती मस्टरं गाड्यावर शेडात आली. म्या वळखली. जयसिंग सुपरवायझरला म्हनलं, "भाऊ, ही तर आमची हजेरी हाय, कोर्टात लागनार हाय." त्यो म्हनला, "मावशी, हे बघ छापलंय, नष्ट करावेत. कुलसचिव साहेबाची सही हाय. साहेबापरीस तू शानी व्हय?" म्या नष्ट वाचलं. मला वाचता येतंय. आमच्यातली शालनबाई म्हनली टाकू नगं. पर कामावरनं काढतील म्हून म्या माझ्या हातानं पानं फाडली आन हौदात टाकली. दोन दिवस भिजू दिली.

आता विद्यापीठाचा वकील म्हनतो आसली मस्टरं कधी नव्हतीच. त्ये परिपत्रक मागं घेतलं, समद्या परती गोळा करून त्याबी हौदात घातल्या. पर तुमच्या लाल शाईच्या कागदात यादी हाय, बाईंच्या अक्षरात : 'सफाई कर्मचाऱ्यांचे हजेरीपट, सन २००९ ते २०२३, एकूण १५'. आमचा वकील म्हनतो ह्यो एकच पुरावा ऱ्हायला. पर शाई कुनाची ते शाई लावनाऱ्यानं सांगाय पायजे.

वर्षालीबाई वाईट न्हाईत. त्या आमच्याकडं बघत न्हाईत आता, यवढंच.

कस्तुरा (ही सही माझी हाय)

---

चिंचवडगाव,
दि. २ नोव्हेंबर २०२४

चि. वर्षालीस.

कस्तुराबाईंचे पत्र आले. ते वाचून मी त्या निवृत्त कारकुनाच्या घरी गेलो आणि पाटी त्याच्या हाती देऊन विचारले, नस्ती म्हणजे काय. त्याने मला कपाटातली एक जुनी फाईल दाखवली. कागदांना डाव्या कोपऱ्यात भोक, भोकातून नाडी, नाडीला गाठ. पाटीवर लिहिले, हीच नस्ती. 'नस्ती करावे' म्हणजे जपून बांधून दफ्तरी ठेवावे. "गुरुजी, त्या दिवशी तुम्ही हसत होता, आम्ही काय बोलणार?"

बैलाच्या नाकात वेसण ओवावी तशी कागदात नाडी ओवतात, म्हणून नस्ती. शब्द माझ्याच भाषेतून निघून कचेरीत गेला आणि तिथे चाकरी करीत राहिला. मी त्याला ओळखले नाही. नाक मला ठाऊक होते. वेसण ठाऊक होती. अर्थ एक पाऊल पुढे उभा होता, आणि मी हसत होतो. अज्ञानी माणूस तिथे थांबून कोणाला तरी विचारता. मी शुद्ध करून मोकळा झालो.

ज्या कागदावर मी तुला पत्र लिहिले, जो देवळात मिरवला, त्यातले लाल तंतू कशाचे होते हे आता मला कळले आहे. तू मला तो कागद वापरू नका म्हणालीस, आणि मी तुला कंजूष ठरवले.

मला सर्व लिही. काहीही झाकू नकोस.

मोरेश्वर

---

दि. ९ नोव्हेंबर २०२४

ती. काका,

झाकून ठेवले ते तुमच्यासाठी. एक्क्याऐंशीव्या वर्षी तुमच्या माथ्यावर हे कशाला, असे वाटले. ते पुरते खरे नाही. माझ्यासाठीही झाकले.

'ग' गट मी मुद्दाम केला होता. कचेरीची दालने रिकामी करताना ते हजेरीपट रद्दीत जाणार हे मला दिसत होते. परिपत्रकातच 'नस्ती करावेत' असे लिहून ठेवले, म्हणजे कोणाला हात लावता येणार नाही, असा माझा डाव. मुकाट्याने केले म्हणाले होते, ते हेच. चुकीचा शब्द मला सतरा जुलैला दिसला. शेडकडे धावत गेले. कस्तुरामावशी जाळी धूत होत्या. म्हणाल्या, "बाई, उशीर केला."

कुलसचिवांना सांगितले. त्यांनी दार लावून घेतले. मग म्हणाले, "नष्ट केले म्हणालो तर आपण पुरावा बुडवला असे होईल. नव्हतेच म्हणालो तर काहीच झाले नाही." त्यांनी प्रतिज्ञापत्र तयार करवून आणले आणि मी सही केली. 'असे कोणतेही हजेरीपट विद्यापीठाकडे कधीही ठेवले जात नव्हते.' खाली माझे नाव, माझा हुद्दा.

काका, तुम्ही न्यायालयात गेलात तर मी शपथेवर खोटे बोलले हे सिद्ध होईल. नोकरी जाईलच, कदाचित खटलाही होईल. माझी उत्कर्षा दहावीला आहे. तुमचा शब्द मी जन्मभर मानला. एकदा तुम्ही माझे ऐका. गप्प राहा. कान नाहीत, वय झाले, आठवत नाही, एवढे म्हटले तरी कोणी तुम्हाला दोष देणार नाही.

वर्षाली

---

चिंचवडगाव,
दि. ६ डिसेंबर २०२४

चि. वर्षालीस आशीर्वाद.

तू काल न्यायालयात माझ्यामागे तिसऱ्या बाकावर होतीस. तरीही काय घडले ते मी लिहितो, कारण तू मध्येच उठून गेलीस.

तुझ्या पत्राला उत्तर दिले नाही. सव्वीस दिवस रोज पूजेनंतर लिहायला बसलो. पुराणे सांगताना सत्यासाठी राज्य सोडणाऱ्यांच्या कथा मी किती सहज सांगत आलो! त्या कथांत राजे आपले राज्य सोडतात. पुतणीचे सोडीत नाहीत.

मला ऐकू येत नाही म्हणून प्रश्न कागदावर लिहून दिले. विद्यापीठाचे वकील हसऱ्या चेहऱ्याचे आहेत.

"संस्कृतचे अध्यापक, आणि एवढा शब्द ठाऊक नव्हता?"

मी म्हणालो, "शब्द ठाऊक होता. माझाच अर्थ धरून बसलो."

"वय झाले. विसरता का?"

"कालचे जेवण विसरतो. स्वतःचे अक्षर विसरत नाही."

"ही यादी कोणाच्या अक्षरात आहे?"

"माझ्या धाकट्या भावाच्या मुलीच्या. ती पाच वर्षांची असताना तिचा हात धरून मीच गिरवून घेतले होते. तिचा 'ह' अजून खाली झुकतो."

मग त्यांनी थोडा वेळ घेऊन पुढचा कागद दिला. 'तिने शपथेवर सांगितले आहे की असे हजेरीपट नव्हते. तुमची पुतणी खोटे बोलते, असे तुमचे म्हणणे आहे का?'

मी 'हो' म्हणालो. आपला आवाज किती चढतो हे बहिऱ्याला समजत नाही. सगळे वळून माझ्याकडे पाहू लागले तेव्हा कळले की मी ओरडलो होतो. मी मागे पाहिले. तुझी जागा रिकामी होती.

मसुदा दाखल करून घेतला. बाहेर आल्यावर कस्तुराबाईंनी माझ्या काठीला हात लावला आणि काहीतरी बोलल्या. आम्रपालीने ते माझ्या तळहातावर बोटाने लिहिले : 'बाईंना आता कोन हाय?'



मोरेश्वर

---

दि. ३ फेब्रुवारी २०२५

गुरुजींना जय भीम.

आम्रपाली लिवती. जानेवारीत नवा ठेकेदार आला, आमा चौदाजणींना घेतलं न्हाई. म्हनला यादीत नावं न्हाईत. शेड बंद हाय, हौद कोरडा. शालनबाई गेल्या आठवड्यात वारली. तिला दमा व्हता, झाडूच्या धुळीचा.

कोर्टानं मानलं की मस्टरं व्हती. पर कोन किती दिस आलं त्ये तुमचं तुमी सांगा, म्हनलं. २१ एप्रिलची तारीख हाय. पंधरा वरसाचा दिस न दिस कसा सांगावा? लिवनारं कोन हाय? आम्रपालीला कंपनीत शिफ्ट आसती.

कस्तुरा

---

चिंचवडगाव,
दि. ६ मार्च २०२५

॥ श्री ॥

चि. सौ. वर्षाली हिस.

तुला निलंबित केल्याचे आणि तू माण गावी जाऊबाईंकडे राहायला गेल्याचे तुझ्या भावाने कळवले. पहिली दोन पत्रे न फोडता परत आली. हेही येईल कदाचित. तरी लिहितो.

गेला महिनाभर मंगळवार, गुरुवार व शनिवार मी रिक्षाने कस्तुराबाईंच्या घरी जातो. त्या तेरा जणी जमतात. मी वही घेऊन बसतो. त्या आपली हजेरी आठवून सांगतात, आम्रपाली कामाहून आलेली असली तर पाटीवर लिहून मला दाखवते, नसली तर मी ओठ वाचतो. वर्षे त्यांना आकड्यांनी आठवत नाहीत. 'वसतिगृहाला तिसरा मजला नव्हता तवा', 'माझा नातू संघर्ष आम्रपालीच्या पोटात व्हता आन मी जिने पुसत व्हते', 'शालनबाईचा मालक गेला त्या दिसापसून पाच दिस ती न्हाई, मी तिची बाजू धरली.' एकीला विसर पडला की दुसरी सांगते. भांडणही होते. "तू कवा आलतीस गं, तू तर म्हायेरी!" "म्हायेरी तुजी सासू!" मग हसतात, आणि एकदम शालनबाईच्या नावाशी थांबतात. तिची हजेरी आता बाकीच्या तेरा जणी सांगतात.

सुरुवातीस मी 'मी जिने पुसत होते' असे लिहिले. कस्तुराबाईंनी वही ओढून घेतली, बोट ठेवून वाचले आणि म्हणाल्या, "गुरुजी, म्या व्हते म्हनले. होते नव्हं." मी ते खोडले. त्यानंतर जे ऐकले ते, जसे ऐकले तसे लिहितो. ऱ्हस्व ऱ्हस्वाच्या जागी नाही, दीर्घ दीर्घाच्या जागी नाही. लाल दौत उघडतच नाही. साठ वर्षे भाषा शिकवून मी आता लिहायला शिकत आहे, आणि ते फार जड जाते.

चार वर्षे झाली. अकरा उरली. तारखेस सहा आठवडे आहेत. पुरेल असे वाटत नाही. न्यायालय या वहीला काय मान देईल, हेही वकील सांगू शकत नाहीत.

मूळ पंधरा पट तू हाताळले होतेस, त्यांची यादी तूच केलीस. कोणत्या वर्षी कोण नवी आली, कोणता महिना कोणत्या पानावर संपला, हे तुझ्याइतके कोणास ठाऊक नाही. ये असे म्हणण्याचा अधिकार मी त्या 'हो'बरोबर घालवला. वार व वेळ तेवढी कळवतो : मंगळवार, गुरुवार, शनिवार, दुपारी तीन ते साडेपाच. कस्तुराबाईंनी भिंतीशी एक जागा मोकळी ठेवली आहे. मी विचारले नाही कोणासाठी.

हे पत्र तुझ्या हाती पडो, की परतीच्या वाटेवर दुसऱ्या कोणाच्या. जो कोणी वाचील, त्याच्या कष्टाचा एकही दिवस जगाच्या दफ्तरातून गळू नये. गळलाच, तर तो बोट ठेवून सांगणारी चार माणसे त्याच्या अवतीभवती असोत. त्याचे घर भरलेले राहो, त्याचे कान शाबूत राहोत, आणि भगवंत त्यास आपले चुकले हे उशीर होण्यापूर्वी कळण्याची बुद्धी देवो.

मोरेश्वर